वरच्या तलावाचं तांबूस पाणी

भंडारा-गोंदियाकडचे मामा तलाव (माजी मालगुजारी तलाव) साखळीत असतात. वरच्याचा सांडवा खालच्यात, खालच्याचं पाणी धानाच्या बांध्यांत. ढिवरांच्या (मासेमारांच्या) एका सोसायटीकडे मासे वाढवायला असे दोन आहेत. वरचा जंगलाला लागून, खालच्याच्या काठानं सगळ्या बांध्याच. मत्स्यबीज एकाच गाडीतलं, युरिया-सुपरफॉस्फेटचं वेळापत्रकही एकच. खतानं शेवाळ वाढून खालचा हिरवा होतो, वरचा काही केल्या होत नाही.

"खत टाकून टाकून थकलो जी," अध्यक्ष म्हणाले. "पाणी आपलं चहावानीच."

तान्हा पोळा आटोपल्यावर डोंगा घेऊन गेलो. पाणी किती पारदर्शक ते पाहायला सोडतात ती काळी-पांढरी सेक्की तबकडी दोन्हीकडे साधारण 40 सेंटीमीटरला दिसेनाशी झाली. आमच्या छापील फॉर्मात पारदर्शकतेचा एकच रकाना, आणि 20 ते 40 म्हणजे प्लवंग (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, माशांचं खाद्य) चांगले, असा हिशेब. त्या हिशेबानं वरचा तलाव उत्तम! प्रत्यक्षात प्लवंगजाळीच्या बाटलीत हिरवं नावालाच होतं. तबकडी झाकली होती ती सागा-मोहाच्या कुजलेल्या पानांच्या अर्कानं. फॉर्म बनवणाऱ्यानं जंगलातला तलाव कधी पाहिला नसावा.

नायट्रेटचं, म्हणजे शेवाळाला लागणाऱ्या नायट्रोजनच्या मोजणीचं, त्याहून वाईट. प्रयोगशाळेनं 220 नॅनोमीटरला मोजून भरघोस आकडा पाठवला. त्या तरंगलांबीला पानांचा अर्कही प्रकाश शोषतो. म्हणून 275 ला पुन्हा मोजून त्याची दुप्पट वजा करायची असते. वजाबाकी फार मोठी निघाली तर ती पद्धतच सोडायची. फोन केला तर उत्तर, "रिपोर्ट निघाला आहे." कॅडमियम स्तंभाच्या दुसऱ्या पद्धतीनं पुन्हा करून घेतलं, तेव्हा नायट्रेट जवळजवळ नव्हतंच.

मग खत जातं कुठं? पानगळीत कार्बन रग्गड, नायट्रोजन-फॉस्फरस मोजकाच. जिवाणूंच्या शरीरात मात्र पाच-सहा कार्बनमागे एक नायट्रोजन लागतो. पानांचा कार्बन फुकट मिळाला, की उरलेल्यासाठी ते पाण्यातला नायट्रोजन-फॉस्फरस ओढतात, आणि या ओढाओढीत शेवाळाला मागे टाकतात. थोडा फॉस्फेट लोह आणि अर्काला चिकटून अडकतो. त्यात तांबूस पाण्यात उजेड तोकडा. म्हणजे सोसायटी पैसे खर्चून जिवाणू पोसत होती. तेच जिवाणू रात्रभर ऑक्सिजन पितात. पहाटे विंकलर पद्धतीनं मोजला, तर वरच्या तलावात लिटरला 3 मिलिग्रॅमच.

इथवर हिशेब जुळतो. अडलो जाळ्यापाशी. खालच्या तलावात कटला चांगला भरला होता, वरचा हडकुळा. हेही कळतं, कटला वरच्या थरातल्या प्लवंगांवर जगतो. पण वरच्या तलावातला मृगळ खालच्यापेक्षा वजनदार निघाला. जाळं ओढणारे आजोबा म्हणाले, "तो पानं खाते ना जी, त्याले कायचं खत?"

मृगळ तळाचा गाळ चिवडतो हे पुस्तकातही आहे. त्याला पोसतं कोण, पान की पानावर माजलेले जिवाणू? दुसरं असेल, तर आमच्या खताचा काही वाटा त्याच्या पोटात गेलाच असणार, आणि ते वाया गेलं म्हणणं अर्धवट ठरेल. कमी केलेल्या खतावर मृगळ तसाच भरतो का, हे पाहायचं आहे.

तूर्त अहवालात लिहिलंय: वरच्या तलावात सुपरफॉस्फेट बंद, पुढच्या बीजात कटला कमी, मृगळ जास्त. वेळापत्रक का मोडलं, असा खुलासा कार्यालयानं मागितला आहे. त्यासाठी मात्र वेगळा फॉर्म आहे.