पीचट्री १० किमी: सातव्या आठवड्याची नोंद

अटलांटाच्या ४ जुलैच्या पीचट्री रोड रेसला तीन आठवडे राहिले. गट एका चर्चमधल्या कृष्णवर्णीय बायकांचा. लक्ष्य ७० मिनिटं, म्हणजे किलोमीटरला ७ मिनिटं. आठवडा आता असा बसलाय: मंगळवारी ४०० मीटर जोरात सहा वेळा, मध्ये दोन मिनिटं चालणं, गुरुवारी चढ, शनिवारी पहाटे साडेपाचला ११ किमी. बुधवारचा बायबल अभ्यास आणि रविवारची उपासना हलत नाही, बाकी सगळं त्यांच्याभोवती. लाँग रन, म्हणजे आठवड्यातली सर्वांत लांब धाव, रविवारी ठेवला की गायकवृंदातल्यांच्या पोटऱ्या उभ्या उभ्या आखडतात, म्हणून शनिवार.

ईझी पेस, म्हणजे आरामात धावण्याचा वेग, ठरवायला बायबलमधलं स्तोत्र २३ पुरतं. सहा वचनं, धावता धावता मोठ्याने म्हणायची. वाक्याच्या मध्येच श्वास घ्यावा लागला तर वेग जास्त आहे. बहुतेकींचा पेस अशाने किलोमीटरला ८:०० ते ८:२० मिनिटांच्या आसपास येतो. जूनच्या दमट हवेत तो आणखी मंदावेल, मंदावू द्यावा. मंगळवारी मात्र स्तोत्र म्हणता येत असेल तर ४०० मीटर फारच आरामात चाललेत.

मार्गाबद्दल. लेनॉक्स स्क्वेअर मॉलजवळून सुटल्यावर पहिले तीन मैल बहुतांशी उतार आहे आणि तिथेच शर्यत हातची जाते. वाटेत सेंट फिलिप कॅथेड्रलपाशी धर्मगुरू धावणाऱ्यांवर पवित्र पाणी शिंपडतात. आशीर्वाद जरूर घ्या, पण दोनशे मीटर आधीच कडेला सरका. ऐन वेळी आडवं कापलं की मागची अंगावर येते. मग पीडमाँट हॉस्पिटलचा चढ, त्याचं नावच ‘कार्डिअ‍ॅक हिल’. उतारावर ६:५० पेक्षा जोरात गेलेल्यांचे मांड्यांचे पुढचे स्नायू इथे पोहोचेपर्यंत संपलेले असतात. चढावर पाऊल आखूड, नजर दहा मीटर पुढे, किलोमीटरला २०–३० सेकंद सोडून द्यायची. गुरुवारचा सराव त्यासाठीच: ९० सेकंद चढ, चालत खाली, सहा वेळा.

चढ सरावाने सोपा होतो. रस्त्यावर लोक घेतात तो संशय मात्र तसा सोपा होत नाही. याच जॉर्जिया राज्यात, ब्रन्सविकजवळ, २३ फेब्रुवारी २०२० रोजी अहमॉड आर्बरी या २५ वर्षांच्या कृष्णवर्णीय तरुणाला धावताना गाड्यांनी पाठलाग करून गोळ्या घातल्या. मारेकऱ्यांनी आडोसा घेतलेला ‘नागरिकाने अटक करण्याचा’ जुना कायदा राज्याने २०२१ मध्ये रद्द केला. खिडकीच्या पडद्याआडून बघणारे डोळे तेच आहेत. म्हणून शनिवारचा मार्ग बेल्टलाइन या अटलांटातल्या चालण्या-धावण्याच्या वाटेवर, जिथे धावणारे सतत दिसतात. निवासी गल्ल्यांतून जायचंच असेल तर किमान तिघी, भडक रंगाचं जॅकेट, बुटाच्या नाडीला नाव आणि घरच्यांचा नंबर असलेली पट्टी, फोनवर लाइव्ह लोकेशन. बांधकाम चालू असलेल्या घरात पाण्याच्या नळासाठीसुद्धा शिरायचं नाही. “तुम्ही इथेच राहता का?” असं कुणी विचारलं तर “गुड मॉर्निंग” म्हणून पुढे, खुलासा देत थांबलं की उलटतपासणी सुरू होते. गाडी मागे रेंगाळली तर उलट दिशेने वळायचं, गाडीला वळायला वेळ लागतो. ही खबरदारी ज्यांना घ्यावी लागते त्यांची त्यात चूक नाही, हे नव्या मुलींना पहिल्याच दिवशी सांगितलं जातं. धावून झाल्यावरच्या प्रार्थनेत असे प्रसंग नाव घेऊन बोलले जातात. “माफ कर आणि विसर” हा सल्ला या वर्तुळात चालत नाही. स्तोत्रांतही देवाकडे तक्रार मांडणारी पानंच्या पानं आहेत.

केसांचं: वेण्या फार ताणून घातल्या की कपाळावरची रेषा विरळ होते, आणि घट्ट टोपीने ते वाढतं. आतून सॅटिन लावलेली टोपी घ्यावी. धावून झाल्यावर कपाळावरचा पट्टा लगेच काढू नका, मुळं वाळेपर्यंत १५ मिनिटं राहू द्या, म्हणजे कडेचे केस बसून राहतात. मिठाचा थर टाळूवर खाजतो. दर वेळी शाम्पू नको, साध्या पाण्याने टाळू धुतली तरी पुरे.

विनाकारण दम लागत असेल तर हिमोग्लोबिनसोबत फेरिटिनही (शरीरातला लोहाचा साठा) तपासा. कृष्णवर्णीय बायकांत गर्भाशयातल्या गाठींचं प्रमाण जास्त असतं, पाळीत रक्त जास्त जातं, आणि हिमोग्लोबिन ठीक दिसत असतानाही लोहाचा साठा आटलेला असू शकतो. डॉक्टरांनी गोळी दिली तर ती संत्र्याच्या रसाबरोबर, चहा-कॉफीपासून लांब.

पुढच्या आठवड्यात १९ जून, जूनटीन्थ, म्हणजे अमेरिकेतल्या गुलामगिरीच्या अंताचा सण, त्यामुळे एक सराव कमी. शनिवारी १२ किमी, शेवटचे ३ किमी ७:०० च्या पेसने, दर २० मिनिटांनी १५० मिली पाणी. त्यानंतर अंतर उतरवायचं.