सहवीजनिर्मितीचं मॉडेल, टप्पा तिसरा: बगॅसचा हिशेब दोन खात्यांवर

साखर कारखान्यात बगॅस (रस काढल्यावर उरणारं उसाचं चिपाड) जाळून वाफ आणि वीज दोन्ही काढतात, त्याचं मॉडेल मी टप्प्याटप्प्यानं बांधतोय. वाफेची कोष्टकं जोडून झाली. (पायथॉनमध्ये आयएपीडब्ल्यूएस-९७ची, म्हणजे पाणी-वाफेच्या गुणधर्मांच्या आंतरराष्ट्रीय सूत्रांची, तयार लायब्ररी मिळते, पुस्तकातून आकडे उतरवत बसू नका.) आता अख्खा कारखाना एका मॉडेलमध्ये चालतोय: रोजचं २५०० टन गाळप, ६७ केजी (चौरस सेंटिमीटरला किलो) दाबाचा बॉयलर, ४८५ अंशांची वाफ, एकच एक्स्ट्रॅक्शन-कंडेन्सिंग टर्बाईन (थोडी वाफ मधूनच काढून कारखान्याला देणारं, उरलेली शेवटपर्यंत नेऊन कंडेन्सरमध्ये थंड करणारं). कारखाना काल्पनिक आहे, पण आकडे आपल्याकडच्या लहान सहकारी कारखान्याला शोभतील असेच घेतलेत.

तासाला १०४ टन ऊस. त्याची २८ टक्के बगॅस, त्यातून बगॅसिलो (चाळलेला बारीक भुसा) आणि सांडलवंड वजा करून बॉयलरला २८ टन. ५० टक्के ओलाव्याला स्थूल उष्मांक (जळताना निघणारी एकूण उष्णता) किलोला २२७० किलोकॅलरी, बॉयलरची कार्यक्षमता ७० टक्के, फीडवॉटर (बॉयलरला जाणारं पाणी) १०५ अंश. किलोभर बगॅसला २.२७ किलो वाफ पडते, म्हणजे तासाला साधारण ६३.५ टन. त्यातली ४७ टन, म्हणजे उसाच्या ४५ टक्के, अडीच अटा दाबावर काढून रस आटवणारे इव्हॅपोरेटर आणि साखरेचे दाणे पाडणारे पॅन यांच्याकडे जाते. उरलेली १६.५ टन कंडेन्सरपर्यंत. टर्बाईनची कार्यक्षमता ७८ टक्के धरली, तर पहिली वाफ टनाला १५९ युनिट देते, दुसरी २५४. एकूण ११.७ मेगावॉट, कारखान्याचा आणि को-जनचा (सहवीज प्लँटचा) स्वतःचा वापर जाऊन साधारण साडेसात मेगावॉट ग्रिडला.

इथे थांबलं तर मॉडेल छान दिसतं आणि उपयोगाचं काहीच सांगत नाही. या टप्प्यात मी वीज दोन खात्यांवर तोडली. कंडेन्सरच्या युनिटला १.७३ किलो बगॅस लागते, सरळ हिशेब. पण एक्स्ट्रॅक्शनच्या वाफेतली बहुतेक उष्णता रस आटवायला तशीही लागणारच होती. टर्बाईननं त्यातून जेवढी काढून घेतली तेवढीच विजेच्या नावावर टाकली, तर युनिटला ०.५७ किलोच बगॅस पडते. तिपटीचा फरक! बगॅसचा भाव टनाला २५०० रुपये धरला तर एक युनिट १.४३ रुपयांना आणि दुसरं ४.३३ला. दोन्ही एकाच तारेतून जातात, म्हणून सगळे सरासरी काढून मोकळे होतात.

विक्रीदर ५ रुपये धरला (माझं गृहीतक, तुमच्या करारातला घाला). कंडेन्सरवर टनभर बगॅसची ५७७ युनिट होतात, प्लँटचा साडेआठ टक्के वापर काढून ५२८. म्हणजे २६४० रुपये. कागद गिरणी यापेक्षा जास्त भाव देत असेल, तर तेवढे कंडेन्सिंगचे मेगावॉट निव्वळ इंधनावरच तोट्यात. व्याजाचा विषय अजून काढलेलाच नाही.

वाफबचतीचं गणितही यामुळे बदलतं. फॉलिंग फिल्म इव्हॅपोरेटर (रसाचा पातळ थर नळ्यांतून खाली सोडून आटवणारं) आणि व्हेपर ब्लीडिंग (रसातून निघालेली वाफ पुन्हा तापवायला वापरणं) करून वाफेचा वापर उसाच्या ४५ टक्क्यांवरून ३८वर आला, तासाला ७.३ टन वाफ सुटली. तिला टनामागे २५४ युनिट जमा धरण्याचा मोह होतो आणि १.८५ मेगावॉट वाढलेले दिसतात. पण हीच वाफ आधीच १५९ युनिट देत होती. नवीन फक्त ९५. खरी वाढ ०.७ मेगावॉट. बगॅस साठवून हंगामानंतर जाळली तरी आकडा तोच येतो, वर साठवणुकीतली घट. गुंतवणूक परत किती वर्षांत येते हे या दोनपैकी कोणता आकडा धरता त्यावर आहे, त्यामुळे विक्रेत्याचं कोटेशन हातात आलं की आधी ही ओळ तपासा. प्रेशर रिड्यूसिंग व्हॉल्व्हचं (टर्बाईन टाळून वाफेचा दाब नुसता उतरवणाऱ्या झडपेचं) उलटं आहे: टर्बाईन बंद असताना वाफ तिथून खाली उतरवली तर पॅनवाल्यांना काहीच जाणवत नाही, पण टनाला १५९ युनिट वाया जातात.

ओलाव्याचा भाग सगळ्यांत मजेदार निघाला. रूढ सूत्र असं: स्थूल उष्मांक = ४६०० – ४६ × ओलावा – १२ × साखर. ओलावा ५०चा ४८ केला की उष्मांक चार टक्के वाढतो, आणि बरीच गणितं तेवढं उत्पादन वाढवून मोकळी होतात. पण पाणी कमी झालं म्हणजे बगॅसचं वजनही घटलं: उसाच्या २८ टक्क्यांवरून २६.९वर. दोन्ही गुणले की एकूण स्थूल उष्णता जागच्या जागी. फायदा फक्त न उकळाव्या लागलेल्या पाण्याचा, निव्वळ उष्मांकावर साधारण १.३ टक्के. म्हणून मॉडेलमध्ये बगॅस टक्के हा इनपुट काढून टाकला. आता तंतू आणि ओलावा देतो, वजन ते स्वतः काढतं.

हंगामाचं फार काही सांगण्यासारखं नाही. १४० दिवसांचे ११० झाले की निर्यात ५४ लाख युनिटनी घटते, म्हणजे पाच रुपयांच्या दरानं २ कोटी ७० लाख. दुष्काळी वर्षात एवढं सहज होतं. डिस्टिलरी जोडून वर्षभर वाफेला गिऱ्हाईक मिळालं तर हंगामाबाहेरही स्वस्त खात्यातली वीज मिळते. ते अजून जोडायचंय.

पुढचं काम पार्ट लोडचं, म्हणजे टर्बाईन पूर्ण क्षमतेपेक्षा कमी चालतं तेव्हाचं. तोडणी टोळ्या कमी पडल्या आणि गाळप निम्म्यावर आलं की ७८ टक्के कार्यक्षमता टिकत नाही. त्यासाठी विलन्स रेषा (लोडनुसार वाफखर्च सरळ रेषेत मांडणारी) टाकतोय, पण तिचा शून्य लोडवरचा वाफखर्च अंदाजानं धरलाय. कुणाकडे टर्बाईनच्या लॉगशीटमधल्या इनलेट, एक्स्ट्रॅक्शन आणि मेगावॉटच्या तासवार नोंदी असतील, तर कारखान्याचं नाव पुसून पाठवा. एका आठवड्याच्या पुरेत, फक्त त्यात निदान एक दिवस नो-केनचा (ऊस न आल्यानं गाळप थांबल्याचा) हवा.