सातवी डिव्हिजन: ४८ पैकी ३७ कंपन्या उभ्या राहिल्या

मंडळी, जुन्या लढाया टेबलावर खेळण्यासाठी छोटे शिपाई रंगवतोय, त्याची प्रगती बऱ्याच दिवसांनी लिहितोय. ३ जुलैच्या आत सगळी प्रशियन ७वी डिव्हिजन रंगवून टेबलावर मांडायची असं ठरवलं होतं, कारण ३ जुलै १८६६ म्हणजे प्रशिया (तेव्हाचं जर्मन राज्य) विरुद्ध ऑस्ट्रिया अशी क्योनिगग्रेट्झची लढाई, ते काही जमलं नाही, पण ३७ बेस (शिपाई चिकटवलेल्या पट्ट्या, एका कंपनीला एक) पूर्ण आहेत आणि उरलेले ११ प्रायमर मारून वाळत ठेवलेत. १० मिलिमीटरच्या फिगर, एका बेसवर आठ, म्हणजे २९६ शिपाई झाले आणि ८८ राहिले. घोडदळ आणि तोफखाना वेगळा, त्यावर नंतर येतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, ही डिव्हिजन माग्डेबुर्गची, ४थ्या कोअरची (कोअर म्हणजे डिव्हिजनच्या वरची तुकडी). प्रशियात प्रत्येक कोअरला स्वतःचा प्रांत असायचा आणि भरती तिथूनच, त्यामुळे हे सगळे झाक्सन प्रांतातले, माग्डेबुर्ग, हाल्बरश्टाट, आल्टमार्क अशा भागातले लोक. १८६६ ला तिची रचना एकदम सरळ होती. १३वी ब्रिगेड म्हणजे २६ आणि ६६ नंबरच्या रेजिमेंट, १४वी ब्रिगेड म्हणजे २७ आणि ६७. प्रत्येक रेजिमेंटला तीन बटालियन, प्रत्येक बटालियनला चार कंपन्या, लढाईच्या वेळी बटालियनमध्ये साधारण हजार माणूस. म्हणजे १२ बटालियन, ४८ कंपन्या. सोबत १० नंबरची हुसार (हलकं घोडदळ) रेजिमेंट आणि सहा तोफांच्या चार बॅटऱ्या. कमांडर जनरल फ्रान्सेकी. त्या वर्षी ४थ्या कोअरला कोअर कमांडरच दिलेला नव्हता, ७वी आणि ८वी डिव्हिजन थेट प्रिन्स फ्रीडरिश कार्लच्या पहिल्या आर्मीच्या हुकमाखाली होत्या, हे मला पहिल्यांदा वाचलं तेव्हा फार विचित्र वाटलं होतं, पण पुढे लढाईत फ्रान्सेकी जो स्वतःच्या हिमतीवर निर्णय घेत गेला त्याचं एक कारण हेही असावं असं माझं मत आहे.

यातली २६ आणि २७ या जुन्या रेजिमेंट, नेपोलियनशी झालेल्या लढायांच्या काळात, १८१३ ते १५ च्या दरम्यान उभ्या राहिलेल्या. ६६ आणि ६७ मात्र १८६० च्या सुधारणांमध्ये नवीन काढलेल्या, म्हणजे १८६६ ला अवघ्या सहा वर्षांच्या. प्रत्येक ब्रिगेडमध्ये एक जुनी एक नवी अशी जोडी. मी बेसच्या मागच्या कडेला रेजिमेंटचा नंबर लिहितो तेव्हा हे दर वेळी आठवतं.

आता बरेच जण विचारतात की कंपनीला एक बेस कशाला, बटालियनला एक बेस घेतला असता तर १२ बेसमध्ये काम झालं असतं. खरंय, वेळ वाचला असता. पण क्योनिगग्रेट्झला ही डिव्हिजन लढली ती स्वीपवाल्डमध्ये हो! स्वीपवाल्ड म्हणजे बेनातेक गावापलीकडचं जंगल, आज चेक प्रजासत्ताकात स्वीब नावाने आहे, साधारण दीड किलोमीटर लांब आणि एक किलोमीटरच्या आत रुंद. एवढ्याशा जंगलात बटालियन अशी राहिलीच नाही. प्रशियन पद्धतच अशी होती की बटालियन फुटून कंपनी कॉलम, म्हणजे एकेका कंपनीचे वेगळे दाट गट, व्हायचे, त्यातला तिसऱ्या रांगेतला भाग पुढे पसरून विरळ फळीत गोळीबार करायचा, आणि जंगलात शिरल्यावर तर एका रेजिमेंटची कंपनी दुसऱ्या रेजिमेंटच्या कंपनीशेजारी, मध्ये ऑस्ट्रियन, मागे कोण पुढे कोण कळत नाही अशी अवस्था. हे बटालियनच्या बेसने दाखवताच येत नाही. कंपनीचा कॅप्टन हाच तिथला खरा माणूस आहे, म्हणून ४८ बेस, यावर मी ठाम आहे.

रंगकामातली मुख्य गोष्ट म्हणजे निळा. प्रशियन ब्लू नावाचा रंग आहे म्हणून सरळ तोच लावायचा असं नवीन लोकांना वाटतं, मलाही वाटलं होतं. पण तो बर्लिनमध्ये अठराव्या शतकाच्या सुरुवातीला सापडलेला चित्रकारांचा रंग, आणि शिपायाच्या डगल्याचं कापड रंगवलेलं असायचं नीळ वापरून. १८६६ ला कृत्रिम नीळ बाजारात आलेली नव्हती, ती १८९७ च्या सुमाराची, त्यामुळे सगळी झाडापासूनची, आणि त्या काळी जगातली बरीचशी नीळ बंगाल-बिहारकडून जायची. तर तो डगला गर्द निळा, लांबून काळाच वाटणारा. अडचण अशी की १० मिलिमीटरवर खरा रंग लावला की टेबलापासून मीटरभर लांब उभं राहिल्यावर नुसता काळा ठिपका दिसतो. म्हणून मी आधी गर्द निळा पूर्ण अंगावर, मग खांदे, दंड आणि पाठीवर त्याच्यापेक्षा दोन शेड उजळ निळा, ड्रायब्रश (जवळजवळ कोरडा ब्रश घासणं) नाही, ब्रशच्या टोकाने नीट रेघ. पँट गर्द करडी, तिची लाल किनार या साइजला सोडून द्या. कॉलर लाल, कफ लाल, खांद्याची पट्टी लाल कारण ४था कोअर, त्यावरचा पिवळा नंबर अर्थातच शक्य नाही. पिकेलहाउबं (टोकदार हेल्मेट) काळं, वरच्या टोकाला आणि पुढच्या गरुडाला पितळी रंगाचा एकेक ठिपका. हे ठिपके शेवटी द्यायचे, वॉशच्या (खाचांत उतरणाऱ्या पातळ गडद रंगाच्या) आधी दिले तर मरतात.

आणि पट्टे. इथे माझी मोठी चूक झाली ती सांगतो म्हणजे तुमची होणार नाही. प्रत्येक रेजिमेंटच्या पहिल्या दोन बटालियन मस्केटिअर (साधं पायदळ), त्यांचे चामड्याचे पट्टे पांढरे. तिसरी बटालियन फ्युसिलिअर (हलकं पायदळ), ९ ते १२ नंबरच्या कंपन्या, त्यांचे पट्टे काळे. मी २६व्या रेजिमेंटच्या बाराच्या बारा कंपन्यांना पांढरे पट्टे दिले, वॉश केलं, वार्निश केलं, आणि मग एक जुना छापील फलक बघताना लक्षात आलं. चार बेस, ३२ फिगर, प्रत्येकाचा छातीवरचा आणि कमरेचा पट्टा परत काळा करत बसलो, दोन रात्री गेल्या. पण आता टेबलावर फ्युसिलिअर लगेच ओळखू येतात आणि खेळताना त्याचा फायदा होतो, कारण फ्युसिलिअरना पुढे विरळ फळीत पाठवायचं असेल तर शोधत बसावं लागत नाही.

दुसरं नुकसान पावसाने केलं. ६६व्या रेजिमेंटचे फ्युसिलिअर झाले आणि त्यावर मॅट वार्निशचा स्प्रे मारला, बाहेर धो धो पाऊस, हवेत ओल, सकाळी बघतो तर सगळ्यांवर पांढरट धुकं चढलेलं, निळा रंग राखेसारखा. घाबरून खरवडू नका. ब्रशने ग्लॉस वार्निशचा पातळ हात दिला की धुकं बरंचसं जातं, तो पूर्ण वाळल्यावर ब्रशनेच मॅट द्यायचं. माझे चारही बेस वाचले. आता सप्टेंबरपर्यंत स्प्रे बंद, सगळं ब्रशने.

जंगल मात्र झकास झालंय. एक मिलिमीटरला दोन मीटर असं धरलंय, म्हणजे स्वीपवाल्ड टेबलावर ७५ बाय ४५ सेंटिमीटरचं. झाडांना तांब्याच्या वायरचे पीळ, पानांना स्पंज मिक्सरमधून काढून हिरव्या तीन छटांत रंगवलेला, आणि खाली पालापाचोळा म्हणून चहाचा चोथा. आई रोजचा चोथा धुऊन ताटात पसरून उन्हात ठेवायची, पाऊस लागल्यावर गॅसशेजारी, आणि एकदा विचारलं तिने, "अरे एवढ्या झाडांत तुझे शिपाई दिसणार कसे?" तोच तर मुद्दा आहे. झाडं चकतीवर लावलीत, हात घालायचा असेल तर चकती उचलायची आणि कंपनी सरकवायची. कडेच्या काही झाडांचे शेंडे मी मुद्दाम मोडलेत, कारण ऑस्ट्रियन तोफा उत्तम होत्या, त्यांचा मारा जंगलावर होत होता आणि फांद्या-ढलप्यांनीही माणसं जखमी होत होती.

लढाईचं सांगतो, कारण आमच्या खेळाचे नियम त्यातूनच आलेत. सकाळी पाऊस आणि धुकं. फ्रान्सेकी चेरेकवित्झकडून निघाला, बेनातेक घेतलं, गाव पेटलेलं, आणि साडेआठच्या सुमारास २७वी रेजिमेंट कर्नल झिखलिन्स्कीच्या हाताखाली जंगलात शिरली, मग बाकीच्या मागोमाग. समोर आधी ऑस्ट्रियन ४थ्या कोअरची ब्रांडेनश्टाइनची ब्रिगेड, ती मागे रेटली गेली. मग एकामागून एक ब्रिगेड येत गेल्या. ऑस्ट्रियन ४थ्या कोअरचा कमांडर फेस्टेटिक्सचा पाय गेला, मोलिनारीने सूत्रं घेतली, त्याला प्रशियन डावी बाजू मोडायचीच होती, आणि त्याच्या जोडीला थुनचा ऑस्ट्रियन २रा कोअरही ओढला गेला. शेवटी एका डिव्हिजनवर चाळीसेक बटालियन आणि शंभरावर तोफा. फ्रान्सेकीची माणसं जंगलाच्या उत्तरेच्या कडेला रेटली गेली पण जंगल पूर्ण सोडलं नाही.

लोक सगळं श्रेय ड्रायझं नीडल गनला देतात. बंदूक भारीच होती, कागदी काडतूस मागून भरायचं, सुई काडतुसातून आरपार जाऊन आतल्या स्फोटकावर आपटायची, मिनिटाला चार-पाच गोळ्या आणि मुख्य म्हणजे आडवं पडून भरता यायची. ऑस्ट्रियन लोरेन्झ लांबवर जास्त चांगली, पण तोंडाकडून भरायची, उभं राहूनच. जंगलात लांबचा पल्ला कामाचाच नाही, पन्नास पावलांवर शत्रू, त्यात ऑस्ट्रियन संगिनी लावून दाट कॉलममध्ये येणारे. हे मान्य. पण बंदूक एकटी चार तास जंगल धरत नाही. मेजर पडला, कर्नल दिसत नाही, तरी दीड-दोनशे माणसं गोळा करून एखादा कॅप्टन खड्ड्याच्या कडेला थांबतो, हे मला जास्त मोठं वाटतं.

आणि खरी गंमत जंगलाच्या बाहेर आहे. त्या दोन ऑस्ट्रियन कोअरची जागा होती ख्लुम ते नेदेलिश्ट, उजवीकडून प्रशियाच्या युवराजाची दुसरी आर्मी आली तर तिला अडवायला. ते स्वीपवाल्डमध्ये गुंतले आणि ती बाजू मोकळी पडली. दुपारच्या सुमारास दुसरी आर्मी आली, गार्ड डिव्हिजन त्याच पोकळीतून ख्लुमपर्यंत चढली आणि लढाईचा निकाल तिथे लागला. ७व्या डिव्हिजनची दोन हजारांच्या वर माणसं गेली किंवा जखमी झाली. त्या दिवशीचं प्रशियाचं एकूण नुकसान नऊ हजारांच्या आसपास, म्हणजे जवळजवळ पाव एकट्या या डिव्हिजनचं. बेस मोजताना हा आकडा डोक्यात असतो माझ्या, दर सहा शिपायांतला एक.

म्हणून आमचा नियम असा केलाय. ऑस्ट्रियन खेळाडूला जंगलात ब्रिगेड पाठवायची पूर्ण मुभा, कोणीही अडवत नाही, पण प्रत्येक ब्रिगेड ख्लुमच्या बाजूच्या रांगेतून उचलावी लागते. दुसरी आर्मी कधी येणार हे डाइसवर, सकाळी अकराच्या टर्नपासून (खेळातल्या पाळीपासून) पुढे. आतापर्यंत बटालियनचे कागदी तुकडे ठेवून तीनदा खेळून बघितलं आणि तिन्ही वेळा माझा मित्र, जो ऑस्ट्रियन रंगवतोय आणि ज्याला हा इतिहास तोंडपाठ आहे, तो तरीही चौथी ब्रिगेड जंगलात घालतोच. समोर दमलेली, विस्कटलेली डिव्हिजन दिसत असते, अजून एक धक्का दिला की मोडेल असं खरंच वाटतं. मोलिनारीला काय वाटलं असेल ते तिथे बसल्यावर कळतं. प्रशियन बाजूला कंपनीवर कंपनी मिसळली की तिला हुकूम द्यायला जास्त डाइस लागतात, एवढाच एक नियम, बाकी हलकं ठेवलंय.

पुढचं. हुसारांचे घोडे कापून साफ झालेत, वर्दी गर्द हिरवी आणि पिवळ्या दोऱ्या. तोफा अजून डब्यातच. हे झालं की याच फिगरवर ब्लूमेनाऊ, २२ जुलै १८६६, प्रेसबुर्गजवळ, म्हणजे आजचं ब्रातिस्लावा. तिथे फ्रान्सेकीच्या हाताखाली ७वी आणि ८वी दोन्ही होत्या, बोसं या प्रशियन कमांडरची ब्रिगेड डोंगरातून वळसा घालून ऑस्ट्रियनांच्या मागे पोचत होती आणि बरोबर दुपारी बाराला शस्त्रसंधी लागू होऊन लढाई थांबली. टर्नची मर्यादा इतिहासानेच ठरवून दिलेली, असा सिनारिओ शोधून सापडत नाही.

एक मित्र म्हणतो १९१४ (पहिलं महायुद्ध) पण कर. तेव्हाच्या १४व्या ब्रिगेडमध्ये २७ आणि १६५ नंबरच्या रेजिमेंट होत्या, बेल्जियममधल्या लीएजवर रात्रीच्या हल्ल्यात ब्रिगेडचा कमांडर फॉन वुसो मारला गेला आणि सोबत आलेल्या लुडेनडॉर्फ या जर्मन अधिकाऱ्याने ती ब्रिगेड हातात घेऊन शहरात नेली. वाचायला थरारक आहे, पण करड्या वर्दीच्या फिगर सगळ्या नवीन घ्याव्या लागतील, आणि माझा जीव या निळ्यावाल्यांत अडकलाय.

तर आत्ता टेबलावर ६७व्या रेजिमेंटचे ११ बेस आहेत, पहिली कंपनी झाली, दुसरीचे डगले आज रात्री. फ्युसिलिअरच्या चार बेसखाली पेन्सिलने "काळे पट्टे" लिहून ठेवलंय. कोणाकडे क्रुपच्या चार पाउंडर तोफेच्या चाकांचा नीट, बाजूने काढलेला फोटो असेल तर सांगा, माझ्याकडच्या फिगरमधली चाकं जरा लहान वाटतायत आणि रंग लावायच्या आधी बदलायची असतील तर आत्ताच बदलतो.