कॅम्पसच्या स्विमिंग पूलचा पास कसा मिळवला (डे स्कॉलर, म्हणजे घरून ये-जा करणारे, असाल तर वाचाच)

कॅम्पसचं नाव लिहिणार नाही. नेरूळ-बेलापूर पट्ट्यातलं आहे, तिथे शिकणाऱ्यांना दोन ओळींत कळेलच.

मी केमिस्ट्रीत एमएस्सी करतेय, कळव्याला राहते, ठाण्याहून ट्रान्सहार्बर लोकल पकडून येते. आमच्या फीच्या पावतीत "जिमखाना व क्रीडा सुविधा" अशी एक ओळ असते, आपण दरवर्षी भरतो आणि कुणी ती वाचत नाही. मी वाचली आणि म्हटलं पैसे भरलेच आहेत तर पोहायला जाऊ की. लहानपणी महापालिकेच्या तलावात शिकलेय, चांगली पोहते, बारावीनंतर सुटलं होतं. पूल 25 मीटरचा आहे, म्हणजे ऑलिम्पिकवाल्याच्या निम्मा, पण पाणी छान ठेवतात आणि लायब्ररीच्या जिन्यातून तो दिसतो, हा त्रास वेगळाच. दुपारी पावणेबाराला जिन्यातून बघायचं तर आत एक माणूस नाही, लाइफगार्ड दादा खुर्चीत मोबाईल बघतायत, आणि मी हातात अर्धवट भरलेला फॉर्म घेऊन उभी. असं बरेच दिवस चाललं.

लॉगिन, फोटो, आयकार्ड अॅक्टिव्हेट करणं वगैरे काही अडलं नाही. ते सोडून देते.

अडलं मेडिकलला.

फॉर्मचे दोन भाग आहेत. "अ" भाग स्पोर्ट्स ऑफिसचा, त्यात तुम्हाला फॉर्म नंबर पडतो आणि बॅच मिळते. "ब" भाग फिटनेसचा, तो डॉक्टरने भरायचा. मी आधी आमच्या कळव्याच्या डॉक्टरांकडून सर्टिफिकेट नेलं. ते बीएएमएस आहेत, मला लहानपणापासून ओळखतात, माझ्या तब्येतीबद्दल त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नाही. स्पोर्ट्स ऑफिसच्या काउंटरवरच्या सरांनी शिक्का बघितला आणि कागद परत सरकवला, एमबीबीएसच पाहिजे म्हणे, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा रजिस्ट्रेशन नंबर पाहिजे. आयुर्वेदवाल्या डॉक्टरांचं रजिस्ट्रेशन वेगळ्या कौन्सिलकडे असतं हे मला तेव्हा कळलं. ठीक आहे, नियम असेल. मैत्रिणीची ताई एमबीबीएस आहे, तिच्याकडून आणलं. तर म्हणाले बाहेरचं चालणार नाही, कॅम्पसच्या हेल्थ सेंटरचंच लागतं. मग पहिल्यांदाच नाही का सांगायचं? "तुम्ही विचारलं नाहीत." आता हे मी कसं विचारणार होते ते मला अजून समजलेलं नाही.

हेल्थ सेंटरला डॉक्टर सोम, बुध, शुक्र, 11 ते 1. माझं प्रॅक्टिकल बरोबर त्याच वेळेत. लॅबमधल्या मामांना सांगून, टायट्रेशन पार्टनरच्या गळ्यात मारून पळत गेले. तिथल्या सिस्टर तशा चांगल्या आहेत, पण त्यांनी फॉर्म उलटसुलट बघितला आणि विचारलं नंबर कुठाय. कुठला नंबर? "स्पोर्ट्सचा फॉर्म नंबर. त्याशिवाय आम्ही रजिस्टरला एंट्री करत नाही, एंट्री नसेल तर डॉक्टर सही करत नाहीत." बरं, म्हणून स्पोर्ट्स ऑफिसला गेले. तिथले सर म्हणाले मेडिकल झाल्याशिवाय नंबर पडतच नाही, सिस्टीम पुढे जात नाही, आणि त्यांनी मॉनिटर माझ्याकडे वळवून दाखवलं पण. खरंच जात नव्हती. "फिटनेस सर्टिफिकेट अपलोड करा" असा लाल चौकोन, आणि खालचं बटण फिकट. म्हणजे नंबरासाठी सर्टिफिकेट आणि सर्टिफिकेटसाठी नंबर.

मी म्हटलं सर, तुम्ही हेल्थ सेंटरला एक फोन कराल का? म्हणाले तो त्यांचा विषय आहे. सिस्टरना म्हटलं तुम्ही त्यांना फोन कराल का, तर त्यांचंही तेच, तो स्पोर्ट्सचा विषय. दोन बिल्डिंगमध्ये अंतर किती, तर कँटीन आणि सायकल स्टँड. दोघांनी खिडकीतून हाक मारली असती तरी ऐकू गेलं असतं. पण फोन कुणी करेना आणि मी मधल्या मधे, उन्हातून इकडून तिकडे. दरवेळी नवीन काहीतरी पण निघायचं. एकदा डॉक्टर रजेवर. एकदा डॉक्टर होते पण स्टॅम्प कपाटात आणि कपाटाची चावी रजेवर. एकदा सर म्हणाले ईसीजी पण जोडा, मग सिस्टर म्हणाल्या ईसीजी पस्तिशीच्या पुढच्यांना, तुला कशाला, मग सर म्हणाले त्यांनी तसं लेखी द्यावं. लेखी! मला वैतागापेक्षा हसू यायला लागलं होतं.

आणि सगळ्यात जास्त कशाने डोकं फिरायचं, तर सर दरवेळी म्हणायचे "बाकी सगळ्यांचं तर होतं बुवा". जसं काही माझ्यातच खोट आहे. होस्टेलच्या मुलींना विचारलं तर त्यांचं खरंच झालेलं, एका दिवसात, काही न करता. एकीला तर मेडिकल असतं हेच माहीत नव्हतं.

हे कोडं सुटलं रेल्वे कन्सेशनच्या लायनीत. ते फॉर्म अॅडमिन बिल्डिंगच्या तळमजल्यावर स्टुडंट सर्व्हिसेसच्या खिडकीत मिळतात, पास संपत आलेला, फॉर्मची मुदत थोड्याच दिवसांची असते, म्हणून ती लाईन चुकवता येत नाही. खिडकीतल्या मॅडमनी माझ्या हातातला पूलचा फॉर्म बघून सहज विचारलं, काय ग, पोहायला का? मी सगळं सांगितलं, बहुतेक जरा जोरातच सांगितलं कारण मागचा मुलगा इअरफोन काढून ऐकायला लागला. मॅडम एक मिनिट गप्प बसल्या आणि म्हणाल्या, तू होस्टेलला नाहीस ना? होस्टेलच्या मुलांचं मेडिकल अॅडमिशनच्या वेळीच होतं, ते सिस्टीममध्ये आधीच चढलेलं असतं, म्हणून त्यांना लगेच नंबर पडतो. पूर्वी हा फॉर्म कागदावर होता तेव्हा नंबर हाताने टाकायचे त्यामुळे डे स्कॉलरचं पण भागायचं. ऑनलाईन झाल्यापासून बाहेरून येणाऱ्यांसाठी कुणी विचारच केलेला नाही. आणि बाहेरून येणारे पोहायला येतच नाहीत फारसे, लोकल पकडायची असते, मग कळणार कुणाला?

इतका वेळ मला वाटत होतं की माणसं मुद्दाम अडवतायत. तसं नव्हतं. पण म्हणून माझा राग गेला असंही नाही, कारण जे मॅडमना एका मिनिटात सुचलं ते दोन ऑफिसांना इतके दिवस सुचू नये? स्क्रीन वळवून दाखवण्यापेक्षा एकदा "होस्टेल की घरून?" एवढं विचारायचं होतं.

मॅडमनी काय केलं तर लेटरहेडवर दोन ओळी लिहिल्या, "सदर विद्यार्थिनीची वैद्यकीय तपासणी करण्यात यावी", त्यावर जावक नंबर टाकला, गोल शिक्का मारला. बस. सिस्टरना नंबर हवा होता, नंबर मिळाला. कुठला नंबर याच्याशी रजिस्टरला काही घेणंदेणं नव्हतं, रकाना भरला पाहिजे. त्या दिवशी डॉक्टर पण होते, कपाट पण उघडं होतं. तपासणी किती वेळ? चहा पिऊन होईल एवढा. बीपी, नाडी, छाती तपासली, कानातून पाणी येतं का, त्वचेचं काही आहे का, व्यायाम करताना छातीत दुखतं का, चक्कर येते का, फिट येते का, सही. एवढ्यासाठी.

तर डे स्कॉलर असाल तर सरळ आधी स्टुडंट सर्व्हिसेसला जा. स्पोर्ट्स ऑफिसला नाही, हेल्थ सेंटरला नाही. दोन विभागांना एकमेकांशी बोलायला लावणं हे ज्यांचं काम आहे तिथे. आणि कुठेही कागद दिलात की झेरॉक्सवर पोच घ्या, तारखेसकट. मी मधे वैतागून एक तक्रार पण टाईप करून ठेवली होती, यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) 2023 चे तक्रार निवारणाचे नियम वाचून, त्यात कॉलेजात विद्यार्थी तक्रार समिती असलीच पाहिजे आणि तिने 15 कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असं आहे, त्याच्यावर लोकपाल. पाठवावी लागली नाही. पण नियम वाचून गेलं की काउंटरवर आवाज आपोआप शांत होतो, आपला पण आणि समोरच्याचा पण.

बाँडचं राहिलं सांगायचं. पालकांकडून हमीपत्र लागतं, पाण्यात काही झालं तर संस्था जबाबदार नाही वगैरे. मी बावीस वर्षांची आहे तरी पालक. कागदपत्रांच्या यादीत लिहिलंय स्टॅम्प पेपरवर, आणि ऑक्टोबर 2024 पासून महाराष्ट्रात शंभर-दोनशेचे दिवस गेले, आता 500 चा. बाबा कोर्ट नाक्याला जाऊन घेऊन आले आणि येताना तणतणत आले. ते गावी विहिरीत शिकलेले, पाठीला सुका भोपळा बांधून काकांनी वरून ढकललं होतं, त्यामुळे पोहायला स्टॅम्प पेपर हे त्यांना पटेचना, "विहिरीला कुणी सही मागितली नव्हती". बरं तो बाँड घेऊन गेले तर सरांनी फाईलमध्ये लावताना मला दिसलं की आधीची अर्धी हमीपत्रं साध्या ए-फोर कागदावर आहेत. विचारलं, तर म्हणाले "साधं पण चालतं, पण यादीत आहे ना". त्यामुळे बाँड करायच्या आधी तोंडी विचारा, आणि ज्यांचं साध्या कागदावर घेतलंय अशा कुणाचं तरी नाव माहीत असू द्या.

सर्टिफिकेट अपलोड केलं आणि लाल चौकोन हिरवा झाला, तेव्हा सर म्हणाले "बघा, झालं की". मी काही बोलले नाही. बोलायचं खूप होतं.

ट्रायल असते, तिला घाबरू नका. न थांबता एक लांबी आणि मग खोल बाजूला जागच्या जागी तरंगत राहायचं, कोच सर घड्याळ लावून उभे असतात. मी लांबी पूर्ण करून, न सांगता वळून परत पण आले. कोच सर म्हणाले एवढं नको होतं. मला हवं होतं. फ्रीस्टाईलच पाहिजे असं काही नाही, ब्रेस्टस्ट्रोकने केलं तरी चालतं, पण मधे भिंत किंवा दोरी धरली की बाद, मग नवशिक्यांच्या बॅचला टाकतात, तिथे सकाळी 7 ला यावं लागतं आणि कळव्याहून सकाळी 7 म्हणजे विसराच.

पूलशेजारी एक फळा असतो त्यावर रोजचा पीएच आणि क्लोरीन लिहितात, केमिस्ट्रीवाली म्हणून मी पहिल्यांदा तोच वाचते. पीएच 7.2 ते 7.8 च्या मधे आणि क्लोरीन 1 ते 3 पीपीएम (लिटरला 1 ते 3 मिलिग्रॅम) असेल तर निवांत उतरा. नाकाला झोंबणारा "क्लोरीनचा वास" आला की लोकांना वाटतं पाणी एकदम स्वच्छ आहे, उलट आहे, घाम आणि लघवीशी क्लोरीनची रिअॅक्शन होऊन क्लोरामाइन तयार होतात त्याचा तो वास. म्हणून आधी अंघोळ करा असं लिहिलेलं असतं तर करा, पाटी शोभेला नाहीये. फळा कोरा असेल तर दादांना विचारा, लगेच टेस्ट करून लिहितात, त्यांना कुणी विचारलं की आवडतं उलट.

बॅच निवडताना संध्याकाळी 5 ची घेऊ नका. स्टाफची मुलं असतात आणि लेनमध्ये जागा नसते. 12 ची मिळाली तर डोळे झाकून घ्या, कँटीनला गर्दी असते तेव्हा इकडे शांत, आणि केस वाळेपर्यंत दुपारचं लेक्चर सुरू होतं. टोपी सिलिकॉनची, कापडी चालत नाही, गेटवर परत पाठवतात. लॉकरला कुलूप आपलं न्यायचं. पाळीच्या दिवसांचं बुडालेलं सेशन भरून मिळतं, हे कुठे लिहिलेलं नाही, लेडी इन्स्ट्रक्टर मॅडमना आधी मेसेज टाकायचा.

माझी एक मैत्रीण कबड्डी खेळते, तिला इंटर युनिव्हर्सिटीच्या एलिजिबिलिटी फॉर्मला असंच फिरवलं. तिथे वयाची अट असते, दहावी-बारावीच्या मार्कशीट लागतात, प्राचार्यांची सही लागते, आणि ती होस्टेलला असून अडकली, त्यामुळे होस्टेलवाल्यांनी फार खूश होऊ नये. तिलाही शेवटी त्याच खिडकीतून कागद मिळाला.

पास एका सेमिस्टरचाच असतो, पण मेडिकल वर्षभर चालतं. म्हणून "ब" भागाची ओरिजिनल कुणाच्याही हातात ठेवून येऊ नका, सर मागतील, "फाईलला लागते" म्हणतील, झेरॉक्स द्या आणि ओरिजिनल दाखवून परत पिशवीत टाका. रिन्यूअलचं बटण सेमिस्टर संपायच्या आधी आठवडाभरच उघडतं आणि ते नेमकं सबमिशनच्या आठवड्यात येतं, फोनला रिमाइंडर लावून ठेवा.