परमिट रूमचं काउंटर हलवताना

आमचं घर द्राक्षवाल्यांचं, पण गावात पत्ता सांगायचा तर परमिट रूमचाच सांगावा लागतो. २००१ साली राज्याचं द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आलं, नाशिक जिल्ह्यात विंचूरला वाइन पार्क झालं, तेव्हा खायची द्राक्षं काढून शिराझ आणि शेनिन ब्लांक ही वाइनची द्राक्षं लावणाऱ्यांत आमचे नाना, म्हणजे माझे सासरे, होते. २००८-०९ च्या मंदीत कित्येक छोट्या वायनरी बसल्या. आमची तगली ती बारच्या गल्ल्यावर, हे नाना कुणासमोरही कबूल करतात. आणि त्याच बारमध्ये आमची वाइन सगळ्यात वरच्या फळीवर, तापलेल्या पत्र्याला डोकं लावून उभी! एप्रिल-मेमध्ये तिचं काय होत असेल ते वाइन करणाऱ्या घराला सांगायला नको. खाली क्वार्टर आणि बिअर जोरात. मला ते बघवेना, म्हणून बार नव्याने मांडायचं काम मी अंगावर घेतलं.

फरशी, वायरिंग, रंग, पत्र्याखाली सीलिंग, बाटल्या आडव्या ठेवायला सागाची मांडणी. यातल्या कशाचाच त्रास झाला नाही. सुतार तर इतका हौशी निघाला की मांडणीचे कप्पे त्याने रिकामी बाटली हातात घेऊन बेतले.

अडलं ते काउंटरपाशी. दारासमोरचं काउंटर मागच्या भिंतीला न्यायचं, म्हणजे पुढे चार टेबलं बसतील आणि बायकामाणसांना घेऊन आलेल्यांना क्वार्टरवाल्यांच्या गर्दीतून वाट काढावी लागणार नाही. आता एफएल-३, म्हणजे परमिट रूमच्या, परवान्याला जागेचा मंजूर नकाशा जोडलेला असतो. काउंटर कुठे, साठ्याची खोली कुठे, दार कुठे, सगळं त्यात. त्यात बदल करायचा तर आधी परवानगी, मग हातोडा. हे मला माहीत होतं, म्हणून आर्किटेक्टकडून नवा नकाशा काढून घेतला आणि फळछाटणीच्या दिवसांत राज्य उत्पादन शुल्क कार्यालयात अर्ज दिला.

पहिला प्रश्न आला तो माझ्याबद्दल. "मॅडम, मालकांना पाठवा ना."

"मालक बागेत आहेत, छाटणी चालू आहे. हे त्यांचं अधिकारपत्र."

"नाही, ते ठीक आहे. पण मालक आले असते तर बरं झालं असतं."

बरं कुणाला झालं असतं, ते मी विचारलं नाही.

मग चतुःसीमा. जुन्या परवान्यात पूर्वेला पिठाची गिरणी. गिरणी बंद पडून तिथे मोबाइलचं दुकान आलंय, ते स्थळपाहणीला आलेल्या साहेबांनी डोळ्यांनी पाहिलं, तरी फाइलवर शेरा: 'चतुःसीमा जुळत नाही.' जणू आम्ही बार उचलून दुसरीकडे नेला! ग्रामपंचायतीतून नमुना ८ चा, म्हणजे मिळकतीच्या नोंदीचा, उतारा काढला, ग्रामसेवकांकडून मिळकत तीच असल्याचा दाखला घेतला. तो लावला, तर पुढचा शेरा: 'मूळ मंजूर नकाशाची प्रत जोडावी.'

आमची प्रत वाळवीने खाल्ली होती. पण मूळ नकाशा मंजूर कुणी केला? याच कार्यालयाने. म्हणजे त्यांच्याकडे असलेला कागद मी त्यांना आणून द्यायचा! कारकून म्हणे, रेकॉर्ड जुनं आहे, शोधावं लागेल. शोधा म्हटलं. माणूस रजेवर आहे. माणूस आला तर कपाटाची किल्ली दुसऱ्याकडे. तेवढ्यात निवडणुकीची आचारसंहिता लागली आणि सगळे त्यात गुंतले. कार्यालयातल्या बाकावर बसून माझं आमच्या द्राक्षाचं अख्खं वेळापत्रक मनात म्हणून झालं: फुलोरा गेला, मणी धरले, आता पाणी उतरतंय. इकडे फाइल होती तिथेच.

शेवटी दहा रुपये भरून माहिती अधिकारात अर्ज टाकला. मागितलं एवढंच: आमच्या परवान्याच्या मंजूर नकाशाची साक्षांकित प्रत. तीस दिवसांत उत्तर देणं कायद्याने भाग आहे, आणि काय सांगू, जे कपाट उघडत नव्हतं ते उघडलं. पानाला दोन रुपये. तो कागद हातात घेऊन मी बाहेर आले तेव्हा पहिल्यांदा वाटलं की एक वाइन आपण आपल्यासाठीही उघडावी.

तर त्या नकाशात स्वच्छतागृहच नाही. मागे कधीतरी बांधलं, कुणी दाखवलं नाही, दरवर्षी तपासणी होऊनही कुणाला दिसलं नाही. आता मला ते दिसलं आणि त्यांनाही. मग जुनं पुरुषांचं आणि नवं बायकांचं, दोन्ही नव्या नकाशात घालून पुन्हा आर्किटेक्टची सही. मात्र यावेळी प्रत्येक कागदाची पोच शिक्क्यासकट घेतली. तुम्हीही घ्या. "राहू द्या, दिलंय ना" असं म्हणतील, तिथून हलू नका.

फाइल दुय्यम निरीक्षकांपासून वर जिल्हाधिकाऱ्यांपर्यंत गेली आणि मंजूर होऊन आली. ते पत्र बागेतच नानांच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा नसताना वाचलं.

सुचतील तशा आणखी काही गोष्टी. मार्चमध्ये असला अर्ज देऊ नका. ३१ मार्चपर्यंत परवान्यांची नूतनीकरणं असतात, तुमच्याकडे बघायला कुणाला सवड नसते. काम सुरू करण्याआधी खरेदी थांबवून साठा उतरू द्या, कारण बाटल्या घरी नेऊन ठेवता येत नाहीत. वायनरी आपली, बार आपला, मध्ये फक्त एक ओढा, तरी वाइन वाहतूक पासाशिवाय आणि नोंदवहीत चढवल्याशिवाय आत येत नाही. काउंटरवर उभं राहणाऱ्याचं नाव नोकरनाम्यात, म्हणजे बारमध्ये काम करणाऱ्यांच्या परवानगीच्या कागदात, हवं. माझंही घातलं.

पाटीचं राहिलंच. आमच्या जुन्या पाटीवर एका गडाचं नाव होतं. २०२२ पासून दारू विकणाऱ्या ठिकाणांना गडकिल्ल्यांची आणि महापुरुषांची नावं चालत नाहीत. रंगारी बोलवायच्या आधी हे बघून घ्या. आजेसासूबाईंचं नाव द्यावं असं मी सुचवलं, तर भाऊजी म्हणाले, थोर स्त्रियांची नावंही चालत नाहीत. सासूबाई म्हणाल्या, मग हरकत नाही, घाला. आता पाटीवर मराठीत मोठ्या अक्षरांत आजेसासूबाईंचंच नाव आहे, आणि क्वार्टरवाले अजूनही 'गडावर चाललो' असंच सांगून घरून निघतात.