दुसऱ्यांदा रिबोअर: धुळीने खाल्लेलं इंजिन बांधताना

गाडी ऑइल खाते हे डिपस्टिकवरच दिसत होतं. प्रश्न होता ते जातं कुठून. जुनी पेट्रोल फोर बाय फोर, चार सिलिंडर, बिडाचा ब्लॉक, अ‍ॅल्युमिनियमचं हेड. चढावर दाबली की मागे निळा धूर, ऑइलचं झाकण उघडलं की तोंडावर भकाभका वाफ, आणि लो रेंजला (जास्त ओढीच्या हळू गिअरला) टाकूनही ओढ नाही.

निळा धूर कधी येतो यावर बरंच कळतं. लांब उतार अ‍ॅक्सिलरेटर सोडून उतरलात आणि खाली पाय देताच एकदम भपका आला, तर संशय व्हॉल्व्ह सीलवर, म्हणजे व्हॉल्व्हच्या दांडीवरून ऑइल आत जाऊ न देणाऱ्या सीलवर, घ्यायचा. पाय सोडलेला असताना इनटेकमध्ये व्हॅक्यूम वाढतो आणि गाइडच्या, म्हणजे व्हॉल्व्हची दांडी जिच्यात सरकते त्या नळीच्या, फटीतून ऑइल आत ओढलं जातं. लोडवर सतत धूर येत असेल तर रिंगा, म्हणजे पिस्टनभोवतीच्या, वायू आणि ऑइल अडवणाऱ्या कड्या. माझ्या गाडीत दोन्ही होतं, पण रिंगांचं पारडं जड.

खात्रीसाठी कॉम्प्रेशन घेतलं, म्हणजे प्रत्येक सिलिंडर किती दाब तयार करतो ते गेजने मोजलं. इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, थ्रॉटल पूर्ण उघडा. मॅन्युअलप्रमाणे १७० पीएसआयच्या आसपास हवं, मिळालं ११५ ते १२५. मग प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून परत घेतलं, तर आकडा १५० च्या वर गेला. ऑइल रिंगांच्या फटी घटकाभर बुजवतं, गळक्या व्हॉल्व्हला मात्र त्याचा काही उपयोग नसतो. म्हणजे नुसतं हेड उतरवून भागणार नव्हतं, पूर्ण इंजिन काम काढावं लागणार होतं.

इंजिन खाली उतरवण्याबद्दल फार लिहीत नाही, ते अंगमेहनतीचं काम आहे. एवढंच सांगतो की चिखलात फिरलेल्या गाडीचं इंजिन बाहेरून धुतल्याशिवाय एकही नट ढिला करू नका, आणि इनटेक उघडला की लगेच त्यात फडकं कोंबा. नटबोल्ट एकाच डब्यात टाकणाऱ्यांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. जागेप्रमाणे वेगळ्या पिशव्या आणि प्रत्येकीवर चिठ्ठी, एवढं केलं तरी बांधताना अर्धी कटकट वाचते.

हेडचे बोल्ट थंड इंजिनवर, कडेकडून मध्याकडे, थोडे थोडे करत ढिले केले. हेड उचललं आणि पिस्टनच्या डोक्यावरची काजळी खरवडली, तर खाली कोरलेला आकडा निघाला: ०.५०. म्हणजे हे इंजिन आधी कोणीतरी उघडून त्याच्या सिलिंडरची भोकं अर्ध्या मिलिमीटरने मोठी करून (म्हणजे रिबोअर करून) घेतलेली होती. सिलिंडरच्या तोंडाशी नख फिरवलं तर ठळक कंगोरा लागत होता. वरची रिंग जिथपर्यंत पोचते तिथपर्यंत भिंत झिजलेली, त्याच्या वरचा पट्टा कोरा. होनिंगच्या, म्हणजे भिंत दगडाने घासून मुद्दाम काढलेल्या, तिरप्या रेषा तळाशी तेवढ्या शाबूत, वरचा अर्धा भाग आरशासारखा गुळगुळीत.

एकदा रिबोअर झालेलं इंजिन पुन्हा या अवस्थेला का आलं, हे कळल्याशिवाय नवे पिस्टन टाकणं मला मान्य नव्हतं. उत्तर झिजेच्या जागेतच असतं. घाण ऑइलमधून फिरली तर बेअरिंगं आणि ऑइल रिंग आधी जातात. घाण हवेबरोबर आली तर वरची रिंग आणि बोअरचा वरचा भाग आधी जातो. माझ्याकडे वरची रिंग कडेला पात्यासारखी धारदार झालेली आणि बिग एंडचे शेल (कनेक्टिंग रॉड क्रँकला धरतो तिथल्या बेअरिंगच्या पाकळ्या) मात्र वयाच्या मानाने बरे. धूळ हवेच्या वाटेने येत होती. कच्च्या रस्त्यावरच्या धुळीत क्वार्ट्झ असतो, मोह्‌स प्रमाणावर त्याचा कठीणपणा ७. बिडाचं त्याच्यापुढे काही चालत नाही. त्यातही डोळ्याला दिसणारे खडे फिल्टर अडवतो, घात करते ती काही मायक्रॉनची, पिठासारखी धूळ. ती साधारण ऑइलच्या थराएवढीच असल्यामुळे रिंग आणि भिंत दोन्हीला एकाच वेळी टेकते आणि घासते.

फिल्टर तर नवाच होता. मग फिल्टरपासून थ्रॉटल बॉडीपर्यंतचा रबरी पाइप काढून आतून टॉर्च मारला. एका टोकाला, क्लॅम्पच्या बरोबर खाली, तपकिरी धुळीचा बारीक पट्टा आत शिरलेला होता. पाइपचं रबर कडक होऊन अंडाकृती झालेलं. क्लॅम्प कितीही आवळला तरी खालच्या बाजूला फट राहत होती, आणि ती फट वरून दिसायची नाही. पाइपच्या आत बोट फिरवलं की बोटावर लागायची ती धूळ म्हणजे फिल्टर ओलांडून गेलेली धूळ. आधीच्या कामात पिस्टन बदलले, रिंगा बदलल्या, आणि तोच पाइप परत जोडला गेला असणार. रबराचा हा तुकडा या कामातला सगळ्यात स्वस्त भाग, आणि तोच सगळ्यात महाग पडला.

मग मापं. बोअर गेज हाताशी नसेल तर एक युक्ती आहे. जुनी रिंग बोअरमध्ये ठेवायची, पिस्टनच्या डोक्याने ढकलून सरळ करायची आणि तिच्या तोंडातली फट फीलर गेजने मोजायची. एकदा तळाशी, जिथे झीज नसते, आणि एकदा वर. माझ्या सगळ्यात वाईट सिलिंडरमध्ये तळाशी ०.७५ मिमी भरली आणि वर १.२०. फरक ०.४५, त्याला ३.१४ ने भागलं की व्यासातला सरासरी फरक येतो, सुमारे ०.१४ मिमी. नंतर मशीन शॉपमध्ये डायल गेज लावल्यावर क्रँकच्या आडव्या दिशेला मिलिमीटरचे १७ शतांश आणि लांबीच्या दिशेला ११ शतांश निघाले. सरासरी तीच. आडव्या दिशेला झीज जास्त असते, कारण कनेक्टिंग रॉड तिरपा होताना पिस्टन त्याच भिंतीवर रेटला जातो. भोक गोल राहिलेलं नव्हतं आणि सरळही नव्हतं. अशा बोअरमध्ये नुसत्या नव्या रिंगा टाकणं म्हणजे रिंगा वाया घालवणं.

पुढचा ओव्हरसाइज, म्हणजे मूळ मापापेक्षा मोठ्या पिस्टनचं माप, १.००, आणि मॅन्युअलमध्ये तोच शेवटचा. त्याच्यापुढे लायनर, म्हणजे नव्या भिंतीची नळी, ठोकून परत स्टँडर्डला यायचं. बोअरिंगवाल्याने एक अट घातली आणि ती अगदी रास्त होती: आधी पिस्टन आणून द्या. पिस्टन स्कर्टवर, म्हणजे त्याच्या खालच्या बाजूवर, रॉडला जोडणाऱ्या पिनच्या काटकोनात मोजायचा आणि त्या मापावर बोअर ठरवायचा. खोक्यावरच्या आकड्यावर विसंबून भोक पाडलं तर दोन-तीन शतांशांची गडबड होऊ शकते, आणि पूर्ण क्लिअरन्सच मुळात तीन ते पाच शतांशांचा असतो.

क्रँकने दिलासा दिला. मेनच्या, म्हणजे क्रँक ब्लॉकमध्ये बसते तिथल्या, खालच्या शेलवर एक-दोन ठिकाणी राखाडी थर जाऊन तांबूस रंग डोकावत होता, रुतलेले कणही दिसत होते. पण क्रँकची जर्नल्स, म्हणजे बेअरिंगात फिरणारे तिचे गोल भाग, मापात होती, नख कुठे अडकत नव्हतं, म्हणून ग्राइंडिंग न करता फक्त पॉलिश करून स्टँडर्ड शेल घेतले. ढोबळ नियम असा की जर्नलच्या व्यासाच्या हजाराव्या भागाएवढी फट हवी, म्हणजे ५० मिमीला ०.०५ च्या आसपास. प्लास्टिगेजची, म्हणजे मऊ प्लास्टिकची, तार ठेवून, कॅप टॉर्कला आवळून परत उघडली की तार चपटी झालेली दिसते. तिची रुंदी पट्टीशी जुळवायची. मधल्या वेळात क्रँक जराही हलता कामा नये. माझ्याकडे ०.०४ आलं, ते मॅन्युअलच्या मर्यादेत होतं. मेन आणि रॉडच्या कॅप मात्र एकमेकींच्या जागी चालत नाहीत, त्या ज्या भोकाच्या आहेत त्याच भोकाला बसतात. काढायच्या आधीच खुणा करून ठेवल्या होत्या.

ब्लॉक बोअर आणि होन होऊन आला तेव्हा देखणा दिसत होता, आणि हीच वेळ धोक्याची. होनिंगच्या तिरप्या रेषांमध्ये दगडाची बारीक पूड अडकलेली असते. ती रॉकेलने किंवा पेट्रोलने निघत नाही, ती आणखी आत जाऊन बसते. गरम पाणी, साबण आणि ताठ ब्रश, हाच उपाय. घासायचं, धुवायचं, परत घासायचं. मग ऑइल लावलेलं पांढरं फडकं बोअरमध्ये फिरवायचं. पहिल्यांदा ते राखाडी येतं. फडकं पांढरंच बाहेर येईपर्यंत घासत राहिलो, आणि शेवटी लगेच ऑइल चोळलं, नाहीतर कोऱ्या बिडावर बघता बघता गंज धरतो. ऑइलच्या वाटांचे प्लग काढून त्यातूनही ब्रश घातला. इतका उपद्व्याप धुळीपायी केल्यावर आपल्याच हाताने घर्षणाची पूड आत सोडायची म्हणजे कमालच.

हेडचं काम तुलनेने सरळ. पट्टी ठेवून फीलर गेजने पाहिलं, ०.०५ मिमीचं पातं कुठेच जात नव्हतं, म्हणजे हेड वाकलेलं नव्हतं. दोन गाइड बदलावे लागले, सील सगळे नवे. सीट कापून झाल्यावर पेस्ट लावून व्हॉल्व्ह घासले, पोर्टमध्ये रॉकेल ओतलं आणि दुसऱ्या बाजूने पाझर दिसतो का ते पाहत बसलो.

बांधताना सगळा वेळ तपासण्यात जातो, आवळण्यात फारसा जात नाही. नव्या रिंगाही ज्या बोअरमध्ये जाणार त्यात घालून फट मोजली. दोन रिंगांची फट कमी निघाली, त्या फाइलने एकाच दिशेने घासून मापात आणल्या. फट कमी राहिली तर तापल्यावर टोकं एकमेकांवर आदळतात आणि रिंग भिंतीत रुतते. खुणेची बाजू वर, रिंगांची तोंडं एका रेषेत येणार नाहीत अशी, पिस्टनवरचा बाण पुढे. पिस्टन हातोडीच्या लाकडी मुठीने हळू ढकलत आत जातो. कुठे अडला तर तिथेच थांबायचं, जोर केला की रिंग तुटलीच. प्रत्येक पिस्टननंतर क्रँक हाताने फिरवून पाहिली. चौथ्यानंतर ती जड होती, पण फेरा अखंड आणि एकसारखा.

हेडचे बोल्ट नवे घेतले, कारण हे ताणून बसणारे बोल्ट आहेत, दुसऱ्यांदा वापरायचे नसतात. या वेळी मध्याकडून कडेला, टप्प्याटप्प्याने, आणि शेवटचा टप्पा अंशांत. टायमिंग चेनच्या खुणा जुळवून क्रँक पूर्ण दोन फेरे हाताने फिरवली आणि खुणा परत पाहिल्या.

चालू करण्याआधी प्लग काढलेले ठेवून, इंधन बंद करून स्टार्टर थांबत थांबत मारला, तो ऑइल प्रेशरचा दिवा विझेपर्यंत. मग प्लग लावले. इंजिन लागलं, टॅपेट (व्हॉल्व्हला ढकलणारे भाग) थोडा वेळ वाजले आणि गप्प झाले. रनिंग-इनबद्दल सल्ले भरपूर मिळतात. नवं इंजिन तासन्‌तास आयडलला ठेवा, हा त्यातला सगळ्यात वाईट. रिंगेला भिंतीवर दाबतो तो तिच्या मागे शिरणारा वायू, आणि त्याला लोड लागतो. म्हणून गाडी लगेच रस्त्यावर काढली, मध्यम लोड, आरपीएम सतत बदलता, मधूनमधून पाय सोडून. लो रेंजचे खडे चढ आणि चिखल तूर्त बंद. पहिलं ऑइल लवकर बदललं आणि फिल्टर कापून कागद उलगडला. राखाडी चमक होती, पण चिमटीत धरण्यासारखा कण एकही नाही. दुसऱ्या वेळी चमकही जेमतेम.

कॉम्प्रेशन आता चारही सिलिंडरमध्ये १६५ ते १७०. नव्या पाइपच्या टोकाला, क्लॅम्पच्या आत, बोटभर ग्रीसचा पातळ थर लावून ठेवला आहे. धुळीतून आल्यावर पाइप काढून पाहतो, ग्रीस तपकिरी झालं तर वाट अजून उघडी आहे असं समजायचं. आतापर्यंत स्वच्छ आहे. टॅपेट क्लिअरन्स थंड इंजिनवर एकदा परत घ्यायचा आहे, आणि उतारावरचा तो भपका सील बदलल्यापासून आलेला नाही.