पॉवरफुल टी का नसतो?

इंदूरच्या राजवाड्याच्या आसपास चहाच्या गुमटीवर 'कडक' चहा मागणारा मराठी आहे की हिंदी, हे त्या शब्दावरून कळत नाही. इंग्रजीत तोच चहा 'स्ट्राँग' असतो. 'पॉवरफुल' म्हणजेही जोरदारच, असे समजून कोणी 'पॉवरफुल टी' म्हटले, तर व्याकरणाची एकही चूक नसताना इंग्रजांच्या कानाला ते खटकते. मोटार मात्र पॉवरफुलच शोभते. हॅलिडे या भाषाशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये नेमकी ही दोन विशेषणे उदाहरणादाखल घेतली होती. त्याचे गुरू फर्थ यांनी १९५७ मध्येच लिहून ठेवले होते की, शब्द ओळखावा तो त्याच्या संगतीवरून. हे फर्थ तरुणपणी लाहोरला इंग्रजीचे प्राध्यापक होते. तिथल्या विद्यार्थ्यांची इंग्रजी ऐकताना त्यांना हे सुचले असेल काय, असे मला उगीचच वाटते.

या संगतीला तर्क लावायला जावे तर फजिती होते. पाऊस हेवी, रहदारी हेवी, आणि अंगावर मूठभर मांस नसलेला माणूसही सिगारेटी फुंकू लागला की हेवी स्मोकर! वारा मात्र स्ट्राँग. स्ट्राँग चहाच्या उलट वीक चहा. पण स्ट्राँग वाऱ्याच्या उलट वीक वारा नव्हे, तर लाइट वारा. भंवरकुआँच्या शिकवणी वर्गांत इंग्रजी घोकणाऱ्या मुलांना याचे कारण कोण आणि काय सांगणार?

अर्थात आपलेही विशेषण काही कमी हट्टी नाही. चहा, ऊन, शिस्त, इस्त्री आणि कोरी नोट या पाचांनाही मराठीत एकटे 'कडक' पुरते, तर इंग्रजीला त्यासाठी वेगवेगळे शब्द शोधावे लागतात. आम्हा इंदूरकरांच्या घरांत आणखी एक गंमत होते. हिंदीत ऊन, वारा, पाऊस आणि मिरचीही 'तेज' असते. त्यामुळे "छत्री घेऊन जा, पाऊस तेज आहे," असे आमच्याकडे आजीसुद्धा सहज म्हणून जाते, आणि तेज म्हटले की चेहऱ्यावरची कांती आठवणारे पुण्याचे पाहुणे भुवया उंचावतात. खरे तर त्या पाहुण्यांनाही सराफ्यातल्या खाऊगल्लीतले खाणे आटोपल्यावर पोट 'जड' न वाटता 'हेवी' वाटते, आणि त्याबद्दल आजी त्यांना काहीच म्हणत नाही.